सपाट शहराच्या समोच्च रेषा

सह्याद्रीच्या कडेकपारी पाहत वाढलेल्या मराठी माणसाला बंगळूर प्रथमदर्शनी अगदी सपाट वाटते. रस्त्यांना थोडाफार चढउतार असतो, लालबागेत एक अतिप्राचीन खडक उघडा पडलेला दिसतो. परंतु डोंगर म्हणावा असे शहरात काही नजरेस येत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरचे हे पठार. शहाजीराजांकडे १६३८ नंतर जहागीर म्हणून आलेले हे गाव केंपेगौडाच्या काळापासून तळ्यांचे गाव म्हणून नांदत आले. मोठी नदी जवळ नसता इतकी तळी येथे भरत कशी होती, आणि त्यांतली कित्येक बुजवल्यानंतर शहरावर काय ओढवले, याचा उलगडा स्थलनिर्देशक नकाशावरील बारीक तपकिरी रेषांत होतो.

या रेषांना समोच्च रेषा म्हणतात. त्यांचे मर्म समजून घेण्यास तळ्याकाठीच उभे राहावे. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की काठावर ओलीच्या रेघा एकाखाली एक उमटत जातात. प्रत्येक रेघ पाण्याच्या एकेका पातळीची, म्हणून तिच्यावरचा प्रत्येक बिंदू सारख्याच उंचीचा. काठ उभा असेल तेथे या रेघा दाटीने येतात. काठ पसरट असेल तेथे त्या लांब लांब जातात. तळ्याऐवजी समुद्र कल्पून त्याची पातळी ठरावीक अंतराने चढवीत नेली, तर जमिनीवर ज्या रेघा उमटतील त्याच नकाशावरील समोच्च रेषा. इंग्लंडच्या चार्ल्स हटन या गणित्याने स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराच्या १७७४ सालच्या मोजणीवरून समान उंचीचे बिंदू जोडले, तेही डोंगराचा आकार धरून पृथ्वीचे वजन काढण्यासाठी! त्यापूर्वीचे नकाशे उतार दाखवीत ते उताराच्या दिशेने ओढलेल्या असंख्य आखूड रेघांनी. अशा नकाशात डोंगर डोळ्यांना उठून दिसे खरा. मात्र तो किती उंच हे त्या रेघांवरून कळत नसे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर दोन लगतच्या समोच्च रेषांत सामान्यतः वीस मीटरांचे अंतर असते आणि दर पाचवी रेषा जाड काढलेली असते. सिंहगडाचा किंवा राजगडाचा परिसर दाखविणारा नकाशा उघडला तर कड्यांपाशी या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसतात आणि माचीवर एकदम विरळ होतात. लाव्ह्याच्या थरांनी घडलेल्या पायऱ्याच त्या. बंगळूरचा नकाशा याच्या अगदी उलट. तेथे ८८०, ९००, ९२० अशा मोजक्याच रेषा शहरभर वळणे घेत फिरतात, आणि मधली जागा कोरी राहते. नवखा वाचक येथेच फसतो. कोरी जागा म्हणजे सपाट जमीन नव्हे. तेथे वीस मीटरांहून कमी चढउतार आहे, इतकेच नकाशा सांगतो. पाण्याला तर हातभर उतारही पुरतो.

म्हणून या नकाशावर रेषांच्या दाटीपेक्षा त्यांची वळणे पाहावी लागतात. समोच्च रेषा चढाच्या बाजूस टोक काढून आत शिरते तेथे घळ किंवा खोरे असते. उताराच्या बाजूस पोट काढून पुढे येते तेथे सोंड असते. हा एक नियम हाती धरला की शहराची ठेवण उलगडते. साधारण दक्षिणोत्तर जाणारा एक उंचवटा शहराला दुभागतो. त्याच्या पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीस व पुढे कावेरीस मिळते. पूर्वेचे पाणी बेळ्ळंदूर आणि वर्तूर अशा तळ्यांवाटे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. घळींच्या तोंडाशी एक आखूड, बहुधा सरळ खूण आडवी पडलेली दिसते. तो तळ्याचा बांध. त्याच्याशेजारी ‘५ आर’ असा आकडा असेल तर बांध भोवतालच्या जमिनीपासून पाच मीटर उंच आहे असे समजावे. वरच्या तळ्याचा सांडवा खालच्या तळ्यात, त्याचा त्याहून खालच्या तळ्यात, अशी ही साखळी. ज्यांनी ती बांधली त्यांच्यापाशी नकाशा नव्हता; त्यांनी पावसाचे पाणीच वाचले होते.

नकाशा आला तो पुढे. विल्यम लॅम्टन याने १८०० साली बंगळूरजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. १८०४ मध्ये तेथे पुन्हा मोजणी झाली, तेव्हा मद्रासहून त्रिकोणांच्या गणिताने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला. एवढ्या काटेकोर मोजणीचा वारसा लाभलेल्या शहराने नंतर मोजलेल्या भूमीकडे पाठ फिरवावी, हे विलक्षणच. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक आले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण, आणि १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी कोरमंगलच्या तळ्याच्या पात्रात खेळाडूंची वसाहत उभी राहिली. कागदावरची निळी खूण अशा तऱ्हेने पुसता येते. तिच्याभोवतीचा समोच्च रेषेचा वाक मात्र जसाच्या तसा राहतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा बेळ्ळंदूरच्या आसपासच्या वसाहतींत पाणी शिरले. महागड्या घरांतील रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले आणि नोकरदार ट्रॅक्टरवर बसून कचेरीत गेले. पाऊस फार पडला हे खरेच. परंतु पाणी साचले ते बरेचसे घळींच्या वाटेवर. हाही दोष सगळा नकाशा न पाहणाऱ्यांच्या माथी मारणे योग्य नव्हे, कारण वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या रेषांत एक पुरुषभर खोलगट जागा सहज हरवून जाते. घर बांधणाऱ्यास एक मीटर किंवा त्याहूनही कमी अंतराच्या रेषा लागतात, आणि तसा नकाशा त्या जागेपुरता मुद्दाम मोजून घ्यावा लागतो.

तरीही घर घेण्यापूर्वी मोठा नकाशा पाहणे कोणासही अशक्य नाही. सर्वेक्षण विभागाने २०१७ पासून खुल्या मालिकेतील नकाशे संगणकावरून विनामूल्य मिळण्याची सोय केली. तेरावा अक्षांश बंगळूर शहरातूनच जात असल्यामुळे, जुन्या क्रमांकांप्रमाणे, ५७ जी/१२ आणि ५७ एच/९ असे दोन नकाशे जोडून ठेवावे लागतात. मग पेन्सिल घेऊन ज्या गल्लीत घर पाहिले असेल तेथून सुरुवात करावी. लगतच्या रेषेचे टोक कोणत्या दिशेस आत शिरते ते पाहावे, त्या टोकांना जोडीत चढाकडे जावे, वाटेत पुसलेल्या बांधाची खूण लागते का ते जुन्या आवृत्तीत शोधावे, आणि पेन्सिलीची रेघ अंगणातून जाते की शेजारच्या रस्त्याने, हे पाहून मगच विसाराचे पैसे द्यावेत.