गाठीत शिरलेल्या पेशी काय सांगतात?



गालाच्या आतली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टर तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. प्रयोगशाळेत तो मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढतात आणि जांभळ्या-गुलाबी रंगांनी रंगवतात. कर्करोग असेल, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या वेड्यावाकड्या पेशींचे पुंजके दिसतात. त्यांच्याभोवती, कधी थेट आत, बारीक, गोल, गडद जांभळ्या पेशींची दाटी असते. या लिम्फोसाइट, म्हणजे आपल्याच शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी.

रोग किती पसरला, मानेतल्या गाठींत उतरला का, यावरून डॉक्टर पुढचा अंदाज बांधतात. आता त्याला या पेशींची जोड मिळते आहे. डोके व मानेच्या कर्करोगावरच्या अनेक अभ्यासांत दिसले, की कर्करोगाच्या गाठीत सीडी-८ जातीच्या टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, भरपूर असतील, तर रुग्ण सरासरीने अधिक काळ जगतात. या पेशी कर्करोगाची पेशी ओळखून थेट मारतात. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात हा संबंध विशेष ठळक आहे. आपल्याकडे तंबाखू-चुना, गुटखा आणि मिश्रीने होणारा तोंडाचा कर्करोग जास्त. म्हणून आपल्या रुग्णांवरचे अभ्यास महत्त्वाचे.

कधीकधी पेशी हजर असतात, पण गाठ त्यांचा पीडी-१ नावाचा लगाम खेचून धरते. हा लगाम शोधणारे जपानचे तासुकू होंजो २०१८च्या नोबेलचे मानकरी ठरले. तो सोडवणारे निव्होलुमॅब हे औषध फार महाग आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने त्याची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम मात्रा, बऱ्या न होणाऱ्या अवस्थेतल्या रुग्णांना इतर औषधांच्या जोडीने दिली. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण फक्त इतर औषधे घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के होते, ते या मात्रेच्या जोडीने ४३ टक्क्यांवर गेले.

एक लक्षात ठेवा. पेशींवरून बांधलेले हे अंदाज शेकडो रुग्णांच्या सरासरीचे असतात. कोणा एकाच्या कपाळीचा लेख नव्हे. पेशी कमी दिसल्या म्हणून उपचार सोडू नका, जास्त दिसल्या म्हणून टाळू नका. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टसोबत काचेची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. पुढची तपासणी त्यावरच होते. आणि तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.