कुटुंबाची दृष्टी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वधूवर-परिचय या दोन कार्यक्रमांच्या मध्ये बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. माझ्या विषयाचा या दोहोंशीही संबंध आहे. विषय आहे डोळ्यांची नियमित तपासणी. आणि तीही घरातील एकट्यादुकट्याची नव्हे, तर आजीपासून नातवंडापर्यंत सर्व कुटुंबाची.

सर्व इंद्रियांत नयन प्रधान, असे आपण म्हणतो खरे. परंतु आचरण तसे नसते. दाढ ठणकू लागली की माणूस रातोरात वैद्याचे दार ठोठावतो. डोळ्यांचे पुष्कळसे विकार मात्र दुखत नाहीत. शिवाय एक डोळा अधू होऊ लागला, तर दुसरा मुकाट्याने त्याचेही काम करतो आणि धन्याला पत्ता लागू देत नाही. म्हणून 'त्रास होईल तेव्हा पाहू' हे धोरण येथे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे ठरते.

प्रथम मुलांचा विचार करू. ज्या मुलाला लहानपणापासून अंधुक दिसते, त्याला जग असेच असते असे वाटते. ते तक्रार करीत नाही. शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे, फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करणारे मूल आपण 'ढ' किंवा 'चुकार' ठरवितो. शिक्षकाच्या पेशात अशी मुले मी पुष्कळ पाहिली. चष्मा मिळताच त्यांच्यातील कित्येकांचे अक्षर सुधारले आणि उत्साहही वाढला. एका डोळ्याचा नंबर फार निराळा असेल, किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. चष्मा देऊन व चांगल्या डोळ्यावर काही काळ पट्टी बांधून तो सुधारता येतो. पण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण उत्तम येतो, पुढे तो कमी होत जातो. 'तिरळे डोळे हे भाग्याचे लक्षण' असे म्हणून थांबू नये. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासून घेणे अगत्याचे आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आता कर्त्या माणसांकडे वळू. चष्म्याला आपल्या भाषेने 'चाळिशी' हे नावच देऊन ठेवले आहे, इतकी ती वयाची खूण आहे. परंतु दुकानातून तयार चष्मा आणला म्हणजे डोळे तपासले, असे होत नाही. 1862 साली स्नेलेन नावाच्या डच नेत्रतज्ज्ञाने तयार केलेला अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी वाचला आहे. त्यावरून दृष्टी किती आहे ते कळते. डोळ्यातील दाब, दृष्टिपटल व दृष्टीची मज्जातंतू यांची अवस्था मात्र नेत्रवैद्याने यंत्राने पाहिल्यावाचून कळत नाही. काचबिंदू हा विकार याच मज्जातंतूला खातो. प्रथम बाजूचे दिसणे जाते, समोरचे शाबूत राहते. म्हणून रोगी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि निश्चिंत होतो. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने वा शस्त्रक्रियेने राखता येते. मधुमेहाने दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या बिघडतात, त्याही प्रथम निमूटपणे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. आणि डोळा लाल झाला की दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याच्या दीर्घ वापराने काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात.

वडीलधाऱ्यांचा शत्रू मोतीबिंदू. 2015 ते 2019 या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वापैकी सुमारे 66 टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. म्हणजे ते बहुतांशी हटविता येण्याजोगे होते! 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' हा सल्ला जुन्या काळचा. कृत्रिम भिंग डोळ्यात बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडन येथे हॅरॉल्ड रिडले यांनी 1949 साली केली. आज ती गावोगावच्या शिबिरांतून घडते. फार पिकलेला मोतीबिंदू उलट डोळ्यातील दाब वाढवून घात करू शकतो. आपल्या घरांतून पुरुषांचे डोळे आधी तपासले जातात. आजी मात्र 'आता मला काय वाचायचे आहे' म्हणते आणि आपण तिचे म्हणणे सोयीस्करपणे मान्य करतो. तिला वाचायचे नसेल; पण तांदूळ निवडायचे आहेत, जिना उतरायचा आहे, पणतवंडाचे मुख पाहायचे आहे.

आता ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरच बोलावे असे दोन शब्द. आपण मोठ्या कष्टाने कुलवृत्तांत छापतो. त्यात पदव्या, हुद्दे, इनामे सारे असते. पण 'आजोबांना उतारवयात दिसेनासे झाले' या वाक्यामागे काय होते, ते कोणी नोंदवीत नाही. तो मोतीबिंदू असेल, काचबिंदूही असेल. काचबिंदू घराण्यात उतरतो. आई, वडील, भाऊ वा बहीण यांपैकी कोणाला तो असेल, तर इतरांचा धोका वाढतो. आपले सोयरसंबंध थोड्या घराण्यांत फिरत आले. काही घरांत मामेबहिणीशी विवाहाची रीतही होती. जवळच्या रक्तसंबंधातील विवाहाने दृष्टिपटलाचे काही आनुवंशिक विकार, ज्यांत आरंभी रातांधळेपणा दिसतो, संततीत उतरण्याची शक्यता वाढते. सबब प्रत्येक घराने एक वही करावी व कोणाला कोणता नेत्रविकार होता ते लिहून ठेवावे.

दुसरा शब्द अधिक कठीण. मुलीला चष्मा लागला तर स्थळ येणार नाही, या भीतीने आई तिचा चष्मा लपविते. परिचयाच्या छायाचित्रात तर तो काढूनच ठेवतात. गांधारीने पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. आपण ती लेकीच्या डोळ्यांवर बांधतो. आज येथे स्थळे पाहण्यास आलेल्या वरपक्षाला माझी हात जोडून विनंती आहे: चष्मा हे वैगुण्य मानू नका. आपल्या चिरंजीवांचा चष्मा कोणी विचारला होता काय?

शेवटी एक साधा नेम सांगतो. मुलांची तपासणी शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी दिवाळीच्या सुटीत. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. साठीनंतर, तसेच मधुमेह वा घराण्यात काचबिंदू असल्यास, दरवर्षी. दसऱ्याला आपण हत्यारे व पोथ्या पुसून पूजतो. ज्या डोळ्यांवाचून ती पोथी वाचता येणार नाही, त्यांची आठवण त्याच सुमारास ठेवावी, म्हणजे विसर पडणार नाही.

पुढील संमेलनात पहिल्या रांगेत बसलेल्या आजींनी व्यासपीठावरील नातवाला दुरून ओळखावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण पुरे करतो.