सोनोग्राफीचा खर्च आणि विमा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. तरी आज विम्यावर बोलणार आहे, कारण गरोदरपणीच्या सोनोग्राफीचा खर्च विमा देतो, असे पुष्कळ घरांत धरून चालतात.

माझ्या भाचीच्या घरी तसेच झाले. विमा उतरवलेला, हप्ते वेळच्या वेळी भरलेले. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचे बिल पाठवले, ते नामंजूर होऊन आले. कारण काय, तर बाई रुग्णालयात दाखल झालीच नव्हती! आता सोनोग्राफीला कोण दाखल होते? चालत जायचे नि चालत यायचे.

बहुतेक आरोग्यविम्यांचे असेच आहे. पुष्कळ ठिकाणी बाळंतपणच धरलेले नसते. धरले तर आधी काही महिने, कुठे दोन-तीन वर्षेही थांबावे लागते. दिवस गेल्यावर विमा उतरवून उपयोग नाही. लग्नात मानपानाच्या याद्या आपण किती बारकाईने करतो! त्याच वेळी जावयाला विचारावे, बाळंतपण धरले आहे का, आधीच्या तपासण्या आहेत का, किती रुपयांपर्यंत? कारखान्यातल्या कामगार विम्याचे कार्ड असेल तर गोष्ट निराळी. तिथे दाखल न होताही घरच्या बायकांना उपचार मिळतात.

पैसे मिळत नाहीत म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात, त्याची मला भीती वाटते. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत बाळाचे हृदय, पाठीचा कणा, मूत्रपिंडे पाहतात. भाचीची वार खाली असल्याचे त्यातच कळले. आठव्या महिन्यात पुन्हा पाहिले तेव्हा ती वर सरकलेली होती. न सरकती, तर रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच बाळंतपण करावे लागले असते. हे ऐनवेळी कळून काय उपयोग?

मुलगा की मुलगी, हे मात्र तिथे कोणी विचारू नये. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. सासूबाईंनाही हे सांगून ठेवावे.

खर्च झेपत नसेल तर सरकारी रुग्णालयात जावे. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे तिथे गरोदर बाईच्या तपासण्या, सोनोग्राफीसुद्धा, मोफत आहेत. शिवाय 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला चौथ्या महिन्यापुढच्या बायकांना तिथे डॉक्टर तपासतात. आपल्या आळीतून कोणाला जायचे असेल तर आदल्या दिवशी मला सांगा, मी सोबत येईन. मात्र सकाळी लवकर निघू, रांग मोठी असते.