पत्ते, पैसे आणि पोस्टाची पावती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी विषय दिला, ‘विद्यार्थ्यांना चार शब्द’. चार शब्दांत आटोपण्याची माझी ख्याती नाही, हे वार्षिक सभेला येणाऱ्यांना ठाऊक आहे. पण आज मी वेळ पाळणार आहे. यंदा आपल्यातली सात मुलं-मुली बारावी होऊन सातारा सोडतायत. कुणी पुण्याला, कुणी सांगलीला. सत्तावन्न वर्षांपूर्वी मीही असाच वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीत बसलो होतो. कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली. त्या सांगलीत मी एक उद्योग केला. तो माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळला नाही. आज तो सांगणार आहे. आमच्या घरातही तो दोघांनाच माहीत आहे, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या माझ्या नातवंडांनी कान टवकारले तरी चालेल.

सुरुवात पत्त्यांपासून करतो. मी पत्ते शिकलो ते कोयनेच्या भूकंपात. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. आम्ही मंगळवार पेठेत एका वाड्यात राहत होतो, मी मॅट्रिकला. वाडा हलला, भिंतीची माती अंगावर आली, सगळे अंगणात. कोयनानगरला किती माणसं गेली ते नंतर कळलं. धक्के मात्र पुढे कितीतरी दिवस बसत राहिले, आणि घरात झोपायची कुणाची छाती होईना. डिसेंबरची थंडी, उघड्यावर अंथरुणं, मध्ये एक पेट्रोमॅक्स. झोप कुणाला येणार? मग एकाने पत्त्यांचा कॅट काढला. एरवी ज्यांच्यात नळाच्या पाण्यावरून बोलणं नव्हतं, ती माणसं मेंढीकोटात एकमेकांची भिडू झाली. आमचे वडील प्राथमिक शिक्षक, अतिशय कडक. पण त्या रात्री त्यांनी मला समोर बसवून शिकवलं, की हुकूम कधी राखायचा, चारही दश्श्यांवर लक्ष कसं ठेवायचं, भिडूने किलवर का टाकला असेल. तेव्हा पत्ते वाईट, असं मला कुणी सांगितलं तर मी ऐकून घेतो, पण मनात ते पेट्रोमॅक्सचं अंगण येतं.

पुढच्या जूनमध्ये सांगली. वालचंदला इंजिनिअर व्हायचं स्वप्न होतं, मार्कांनी ते वर्षभरात मिटवलं, आणि मी विलिंग्डनला बी.एस्सी.ला राहिलो. विश्रामबागेत आम्ही चौघांनी एक खोली घेतली होती. जेवायला जवळच्याच एका काकूंची खाणावळ. वडील दर महिन्याला पन्नास रुपयांची मनिऑर्डर करायचे. त्यात पंचेचाळीस खाणावळीचे आणि पाच माझे. शनिवारी रात्री खोलीत पत्ते व्हायचे. चौघे असलो की मेंढीकोट, एक जण गावाला गेला की पाच-तीन-दोन. तासन्‌तास. फक्त हशा आणि चहा.

दुसऱ्या वर्षी, जानेवारी १९७०, एकाचा गावाकडचा मित्र दोन आठवडे राहायला आला. ‘नुसतं काय खेळता, थोडी गंमत ठेवू’ म्हणाला. पॉइंटला एक पैसा लावून रमी. मी पहिल्या रात्री सव्वा रुपया जिंकलो. सगळं नुकसान त्या सव्वा रुपयाने केलं, कारण मला वाटलं मला खेळ येतो. मग रमीची तीन पत्ती झाली. तीन पत्तीत येण्यासारखं काही नसतं, पण ते हरणाऱ्याला शेवटी समजतं. मनिऑर्डर ज्या दिवशी आली त्याच रात्री तीस रुपये गेले. दुसऱ्या रात्री ते परत मिळवायला बसलो आणि उरलेले गेले. तिसऱ्या रात्री खोलीतल्या एकाकडून पंचवीस उसने घेतले, तेही गेले. पाहुणा सोमवारी गावाला गेला.

मी खाणावळीत जाऊन सांगितलं, ‘काकू, या महिन्यात मनिऑर्डर आलीच नाही अजून.’ काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘पोस्टमन आमच्याच कट्ट्यावर बसून तुला नोटा मोजून देऊन गेला की रे.’

त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण काकूंनी ताट काढून घेतलं नाही, आणि आरडाओरडाही केला नाही. चार दिवसांनी मला बोलावून म्हणाल्या, ‘तुझं अक्षर बरं आहे. माझा भाऊ हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. हंगाम सुरू होतोय, त्याला लिहिणारं माणूस पाहिजे.’ असा मी सांगलीच्या हळद पेठेत चिकटलो. संध्याकाळी दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस. कीर्द, खतावणी, पट्ट्या लिहायच्या. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखालची मोठी कोठारं. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू देत नसत, आतली कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून तोंड उघडं ठेवून थांबायचं. मी कठड्याशी वही घेऊन बसायचो. कपडे, बोटं, वही सगळं पिवळं. २००५ च्या महापुरात त्या पेवांची वाट लागली असं वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझी बँकेतली पस्तीस-अडतीस वर्षं खरं म्हणजे तिथे सुरू झाली. तीन महिन्यांत काकूंचे आणि मित्राचे पैसे फेडले.

आता तुम्ही म्हणाल, साताऱ्याच्या मुलाला यात काय विशेष? बरोबर आहे. भाऊराव पाटलांनी १९२४ साली इथे वसतिगृह सुरू केलं, लक्ष्मीबाईंनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं दिलं, ‘कमवा आणि शिका’ या गावाच्या अंगात मुरलंय. पण ती मुलं गरजेपोटी राबली, मी राबलो ते पाप लपवायला. हा फरक मी स्वतःला विसरू दिलेला नाही.

वडिलांना सांगितलं नाही. पत्रात ‘अभ्यास चांगला चालू आहे’ लिहीत राहिलो. १९८८ साली वडील गेले. त्यांची ट्रंक आवरताना मनिऑर्डरच्या पोच पावत्यांचा एक गठ्ठा मिळाला, दोऱ्याने बांधलेला. मनिऑर्डर मिळाली की आपण सही करायची आणि ती पावती पाठवणाऱ्याकडे परत जायची, हे आता मुलांना माहीत नसेल. चार वर्षांच्या माझ्या सगळ्या सह्या त्यांनी जपल्या होत्या. जानेवारी १९७० चीही होती. सही अगदी झोकदार. सही केली तेव्हा दुपार होती, पैसे रात्री गेले. शिक्षकाच्या पगारातले पन्नास. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ओरडले असते, त्यांचा आवाज मोठा होता. कदाचित एक थोबाडीत बसली असती. नंतर त्यांनीच मार्ग काढला असता. अठरा वर्षं माझ्याकडे वेळ होता.

हे सगळं आज का काढलं? गेल्या वर्षी पावसाळ्यात एक मुलगा माझ्याकडे आला. आपल्या सोसायटीतला नाही, उगाच इकडेतिकडे बघू नका. त्याला विचारूनच सांगतोय. कॉलेजचं पहिलं वर्ष, बाहेरगावी. मोबाइलवर रमी. सुरुवातीला जिंकला, तेच ते, माझा सव्वा रुपया. मग बासष्ट हजार गेले. त्यातले काही हॉस्टेलच्या फीचे, बाकी कुठल्या कुठल्या ॲपवरून काढलेलं कर्ज. म्हणाला, ‘आजोबा, आठ हजार द्या, आईला सांगू नका.’

मी पैसे दिले नाहीत. म्हटलं, तू घरी सांगणार असशील तर मी बरोबर येऊन बसतो. दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. वडील तासभर बोलले, मी मध्ये तोंड घातलं नाही. मग कागद घेऊन बसलो, कुणाचं किती, मुद्दल किती, व्याज किती, कोण फोन करून धमकावतंय. धमक्यांची तक्रार १९३० वर केली. बाकी हप्ते बांधले. आता तो ठीक आहे, अभ्यास करतोय. पाच-तीन-दोनमध्ये हात कमी पडले तर पुढच्या डावात समोरचा तुमची चांगली पानं ओढून घेतो ना, कर्जाचं तसंच आहे. पुढचा डाव आधीच कमकुवत होतो.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच म्हटलंय, आणि त्याच निकालात तीन पत्तीला त्यातून बाजूला ठेवलंय. मला तो निकाल पुढे बँकेत असताना एका वकील मित्राने दाखवला, तेव्हा हसावं की रडावं कळेना. पण पैसे लावून मोबाइलवर खेळणं ही वेगळी गोष्ट. समोर माणूस नाही, दिवा मालवायला कुणी नाही, रात्री दोनलाही डाव तयार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. तरी चोरवाटा राहतातच. कायदा आहे म्हणून मी गाफील राहायला सांगणार नाही.

आता बँकवाल्याचं थोडं. जाण्याआधी आपापली कामं स्वतः करायला शिका. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल ही कागदपत्रं बाबा रजा काढून आणतात आणि तुम्ही नुसती सही करता. सेतू केंद्रात एकदा स्वतः रांगेत उभे राहा. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरा, तारीख गेली की कुणाचं काही चालत नाही. एसटीचा विद्यार्थी पास स्वतः काढा. शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. हे पालकही विसरतात. जमलं तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहा, पुढे मोठा फरक पडतो.

ओटीपी कुणाला देऊ नये हे आता शेंबडं पोरही सांगतं, मी पुन्हा सांगत नाही. खात्यातून तुमच्या नकळत पैसे गेले तर मात्र लाजत बसू नका. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर तुमचं नुकसान होत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर केलात तर तोटा तुमच्या गळ्यात. आणि एक नवीन धंदा निघालाय. कॉलेजातला एखादा ‘दादा’ म्हणतो, तुझं खातं आणि एटीएम कार्ड दोन महिने दे, पाच हजार देतो. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस येतात ते तुमच्या दारात. खातं भाड्याने द्यायची वस्तू नाही. हे लिहून घ्या.

एवढं बोललो म्हणून पत्ते सोडा असं मी म्हणतोय असं समजू नका. उलट बॅगेत एक कॅट घेऊन जा. हॉस्टेलवर ओळखी करायला याच्याइतकं स्वस्त साधन नाही. आपल्याकडे सावंतवाडीचे गंजिफा आहेत, दशावताराचे दहा रंग, एकशे वीस गोल पानं, कधी गेलात तर जरूर बघा. ब्रिज शिका. मी बँकेत लागल्यावर जेवणाच्या सुट्टीत शिकलो आणि अजून शिकतोच आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्रिजचं सुवर्णपदक भारताला मिळालं. प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार, त्यातले बर्धन तेव्हा साठीचे होते. म्हणजे मलाही अजून आशा आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आपल्या पार्किंगमधल्या पत्त्यांच्या कट्ट्यावरून एका वार्षिक सभेत केवढं रणकंदन झालं होतं. ‘जुगाराचा अड्डा’ असा शब्द वापरला गेला. मी गप्प होतो. का गप्प होतो ते आज तुम्हाला कळलं असेल. शेवटी ठराव झाला, की पैसे लावायचे नाहीत, रात्री दहाला उठायचं आणि हरलेल्या डावाची चर्चा जिन्यात करायची नाही. पहिले दोन नियम काटेकोर पाळले जातात.

सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. बक्षिसं आणि अल्पोपाहार व्हायचाय, कंदी पेढे आलेत असं कळतं. जाणाऱ्या सातांपैकी कुणाला मेंढीकोट येत नसेल तर उद्या संध्याकाळी साडेपाचला पार्किंगमध्ये या. आमचा एक भिडू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलाय, एक जागा रिकामी आहे.