औषध, आकडी आणि आपली जबाबदारी



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तथापि आमच्या घरी जे घडले ते इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे, म्हणून माझ्या धाकट्या बंधूच्या संमतीने आपणांसमोर मांडतो.

बंधूस अनेक वर्षांपासून स्किझोफ्रेनियाचा विकार आहे. इतर औषधांनी गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी क्लोझापिन सुरू केले. तो सावरला, दुकानात येऊन बसू लागला. पुढे मात्रा वाढविल्यावर एके पहाटे त्यास आकडी आली. कोणी कांदा हुंगविला, कोणी बाहेरची बाधा म्हटले. मुलींच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून आजार लपविलेला, विचारणार कोणास? मी औषधच बंद केले. पंधरवड्यात मूळ आजार दुपटीने उसळला. ही चूक सर्वस्वी माझी होती.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितले, की या औषधाने आकडीचा धोका मात्रेनुसार वाढतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दररोज ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेवर शंभरात एका, तर ६०० व त्याहून अधिक मात्रेवर शंभरात सुमारे चार रुग्णांना आकडी आली होती. त्यावर उपाय असतो. बंधूची मात्रा कमी झाली, जोडीस आकडी रोखणारे औषध मिळाले. मात्र क्लोझापिनमध्ये दोन दिवसांहून अधिक खंड पडल्यास पुन्हा अत्यल्प मात्रेपासून आरंभ करावा लागतो. तोही त्रास माझ्यामुळेच त्याला झाला.

नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन हे औषध आकडीच्या कारणास्तव १९८६ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून काढण्यात आले आणि कमाल मात्रा घटवून १९८९ मध्ये परत आणले गेले. अर्थात, दोष पुष्कळदा औषधापेक्षा मापात असतो. उलट अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकाएकी सोडल्यानेही आकडी येऊ शकते.

आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास शरीरातील पाणी घटते व रक्तातील लिथियम वाढते. हातांना कंप, उलट्या, तोल जाणे, गुंगी आणि अखेरीस आकडी, असा तो क्रम होऊ शकतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चौविहार असल्यास रात्रीची गोळी परस्पर न टाळता तिची वेळ त्यांच्याकडून बदलून घ्यावी.

आकडी आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. पाच मिनिटांत न थांबल्यास वा लागोपाठ आल्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. पहिलीच आकडी असेल, तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

बंधू आज पुन्हा दुकानात बसतो. आजार लपविण्यात आम्ही जी वर्षे घालविली, ती आपण घालवू नयेत, एवढीच नम्र विनंती. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!