उत्तर आलं, पण ताळा?



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी, पण सगळ्यांना कळेल असं’ बोलायला सांगितलं. म्हणून आज एका जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीचीही आहे.

इंजिनिअरिंगला असताना, १९९९मध्ये, बाबांनी मला कॉम्प्युटर असेंबल करून दिला. त्यात इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर होता. वेग ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० कोटी ठोके. बोर्डाचा ठोका ६६चा, आणि प्रोसेसर त्याच्या साडेचारपट धावायचा. हे साडेचार बदलता येत नसत, पण बोर्डाचा ठोका ६६वरून १०० केला की तोच स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा प्रोसेसर त्यासाठी जगभर प्रसिद्ध होता. मीही केलं. पहिल्यांदा मशीन मध्येच अडकायला लागलं, म्हणून व्होल्टेज २ वरून २.२ केलं. मग विंडोज सुरू झालं, गाणी वाजली, गेम पळाले. मी हॉस्टेलभर मिरवलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला माझी जोडीदार आपल्याच वर्गातली होती. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. पुलाच्या सांगाड्यातल्या प्रत्येक दांड्यावर किती ताण येतो, हे काढणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. शेकडो समीकरणं एकदम सोडवायची. तो भाग तिचा, पडद्यावरची चित्रं माझी. २००१च्या एप्रिलमध्ये उत्तरं चुकायला लागली. तेच आकडे, तोच प्रोग्राम, पण उत्तर कधी बरोबर, कधी भलतंच. मी गाइडसमोर सांगून टाकलं, ‘सर, हिचा भाग चुकतोय.’ ती तीन रात्री जागली. ओळ न् ओळ तपासली. चूक सापडली नाही. चौथ्या दिवशी ती जेवायलाही खाली आली नाही.

मग तिनेच आपल्या गणिताच्या बाईंची युक्ती काढली. आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा करायचा. प्रत्येक वेळी प्रोग्रामच ताळा करील, अशी सोय तिने केली. कॉलेजच्या लॅबमध्ये ताळा दर वेळी जमला. माझ्या मशीनवर सकाळी जमायचा, दुपारी खोली तापली की चुकायचा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

प्रोसेसरमध्ये एका ठोक्यात सिग्नलला एकामागून एक अनेक दारांतून पार व्हायचं असतं. ३०० मेगाहर्ट्झला त्यासाठी ३.३ नॅनोसेकंद मिळतात, ४५०ला २.२च. सगळ्यात लांबच्या वाटेवरचा सिग्नल वेळेत पोचला नाही, तर १ च्या जागी ० धरला जातो. व्होल्टेज वाढवलं की सिग्नल चपळ होतो खरा, पण उष्णता वाढते. वेग दीडपट आणि व्होल्टेज १० टक्के जास्त, म्हणजे जवळजवळ १.८ पट. आणि प्रोसेसर तापला की तोच सिग्नल पुन्हा मंदावतो. गाण्यात एखादा बिट चुकला तर कानाला कळतही नाही. समीकरणं सोडवताना मात्र एका चुकीवर पुढची हजार गणितं उभी राहतात. मशीन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते न थांबता चुकीचं उत्तर देत होतं.

मी गुपचूप ठोका ६६वर आणला, व्होल्टेज २ केलं. भर दुपारी दहा वेळा प्रोग्राम चालवला. दहाही वेळा ताळा जमला.

आणि मी तिला सांगितलं, ‘पंखा खराब झाला होता, बदलला.’ गाइडना तर तेवढंही सांगितलं नाही. प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. माझ्या वेगाच्या हौसेपायी तिच्या नावावर लागलेला डाग मात्र तसाच राहिला.

गेली वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ‘प्रोग्राम कधीकधीच चुकतो’ असं कोणी म्हटलं, की माणसाला बोल लावण्याआधी मी मशीन तपासते. एका वेळी एकच गोष्ट बदलते. ओव्हरक्लॉक केलेलं मशीन तपासायला लोक प्राइम९५ नावाचा प्रोग्राम तासन् तास चालवतात. तो मोठमोठी गणितं करतो आणि आलेलं उत्तर आधीपासून माहीत असलेल्या उत्तराशी पडताळतो. बाई, तुमचा ताळाच तो!

गेल्या आठवड्यात मी मैत्रिणीला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्यानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही.’ मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘चारचौघांत बोलली होतीस ना? मग चारचौघांतच सांग.’

म्हणून आज सांगते आहे. तिचा प्रोग्राम बरोबर होता. चूक माझी होती. आणि ती शोधून काढली तीही तिनेच.