रक्तातील एक चुकलेले अक्षर



वर्गात एखादे मूल असे असते, की गारठा पडला की हातपाय दुखतात म्हणून घरी राहते. डोळे पिवळसर, खेळताना धाप लागते. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या गुरुजींनी तसे म्हणण्यापूर्वी एकदा सिकलसेलचा विचार करावा.

आपल्या पेशीत डीएनए नावाची एक पोथी आहे. अक्षरे चारच, पण मजकूर सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. रक्तातले हिमोग्लोबिन कसे घडवावे, हेही तीत लिहिलेले असते. त्या मजकुरात एका जागी एकच अक्षर बदलले, की प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. त्या मुलाचे दुखणे ते हेच. हिमोग्लोबिनमध्ये नेमका कोठे फरक पडतो, ते १९५६ च्या सुमारास केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधून काढले.

तुम्ही म्हणाल, पेशी ही चूक सुधारीत का नाही? सुधारते की! डीएनएच्या दोन पट्ट्या समोरासमोर असतात. एकीवरचे अक्षर बिघडले, तर दुसरीकडे पाहून ती ते नीट करते. पण बदल दोन्ही पट्ट्यांवर उतरला, की ताडून पाहायला मूळ प्रतच उरत नाही. मग चुकीची प्रत इमानाने पुढच्या पिढीत जाते. म्हणून सुनेच्या माथी दोष मारू नका; सिकलसेलचा पुरा आजार होण्यास ते अक्षर आई आणि बाप दोघांकडून यावे लागते. दोघे वाहक असले, तर प्रत्येक खेपेस ४ पैकी १ शक्यता. लग्नाआधी पत्रिका पाहायची तर पाहा बापडे, पण रक्तही तपासा.

आता एक नवल ऐका. असे मूल पहिले काही महिने बरे असते. गर्भात निराळे हिमोग्लोबिन चालते, त्याचे जनुकही निराळे. जन्मानंतर पेशी ते पान हळूहळू मिटते. फाडीत मात्र नाही! हायड्रॉक्सियुरिया या औषधाने ते थोडे उघडते. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्य झालेल्या एका उपचारात तर, ते पान मिटवणाऱ्या जनुकाची कळच रुग्णाच्या रक्त घडविणाऱ्या पेशींत तोडतात. हा उपचार अतिशय महाग आहे.

तोवर गुरुजी, त्या मुलाला तासाच्या मध्येही पाणी पिऊ द्या, पावसात कवायतीला उभे करू नका. आणि ताप आला वा छातीत दुखू लागले, तर शाळा सुटण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्या.